जिप्समची नावे: येसो, जेस्सो, गीश आणि प्लात्र

जिप्सम नखाने ओरखडता येते. मोहसच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक २. हे कॅल्शियम सल्फेट, पण वजनाचा सुमारे २१ टक्के भाग पाण्याचा. ग्रीक लोक त्याला 'गिप्सोस' म्हणत. शब्द बहुधा सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातल्या) भाषांतून आलेला, कारण प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत त्याच अर्थाचा 'गस्सु' आहे. रोमनांनी त्याचे 'गिप्सुम' केले आणि दगड व तो भाजून केलेली भुकटी या दोहोंना हे एकच नाव ठेवले. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

दगड १२० ते १८० अंश सेल्सियसला भाजला की पाऊण पाणी उडते. १०० किलो शुद्ध दगडामागे साधारण ८४ किलो भुकटी उरते. हेच आपले पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी घातले की ते पुन्हा दगडाच्या मूळ रूपात घट्ट होते. भाजणी फार कडक झाली तर उरलेले पाणीही जाते आणि भुकटी धड घट्ट होत नाही.

स्पॅनिशमध्ये शब्दारंभीचा 'ग' मऊ होऊन 'य' झाला. लॅटिन 'गेनेरुम'चा 'येर्नो' म्हणजे जावई झाला, तसाच 'गिप्सुम'चा 'येसो'. हा खनिजही आहे आणि गिलाव्याचा मालही. शिवाय अरबी 'अल-जिस्स'वरून आलेला 'अल्खेस' आहेच, तो फक्त न भाजलेल्या दगडासाठी. पारदर्शक स्फटिकांना 'एस्पेखुएलो', म्हणजे छोटा आरसा. स्पेनमधल्या सेगोब्रिगा भागातून रोमन लोक असे पत्रे खिडक्यांसाठी काढत. कॅटलानमध्ये 'गीश' म्हणजे जिप्सम, गिलावा आणि फळ्यावरचा खडूसुद्धा.

खडूची गोष्ट तर फारच मजेची आहे. स्पेनमध्ये खडूला 'तिथा' म्हणतात. हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेचा, मूळ अर्थ पांढरी माती. खुद्द मेक्सिकोत मात्र 'खिस' चालतो, आणि त्याचे मूळ पुन्हा 'गिप्सुम'. आपल्याकडचे खडूही पीओपीचेच असतात, तेव्हा हे नाव वस्तूला शोभते.

फ्रेंचमधला 'जिप्स' ग्रंथांतून उचललेला. गवंड्यांचा शब्द 'प्लात्र', औषधी लेपाच्या ग्रीक 'एम्प्लास्ट्रॉन'वरून. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीतल्या खाणींमुळे त्याला पॅरिसचे नाव चिकटले. रुमानियनमध्ये दोन वाटा दिसतात: जर्मनमार्गे 'गिप्स', आणि आधुनिक ग्रीक उच्चार जसाच्या तसा घेतलेला 'इप्सोस'.

इटालियन 'जेस्सो' सर्वांत जास्त फसवतो. खनिज, गिलावा, खडू, मोडलेल्या हाताचे प्लास्टर आणि चित्रफलकावरचा पांढरा थर, सगळे त्यात येते. सन १४००च्या सुमारास इटालियन चित्रकार चेनिनो चेनीनीने सांगितलेल्या 'जेस्सो सोत्तीले'साठी (म्हणजे बारीक जेस्सोसाठी) भुकटी महिनाभर भरपूर पाण्यात ठेवून रोज ढवळायची, म्हणजे ती घट्ट न होता मऊ राहते. मग सरसात कालवून किमान आठ हात द्यायचे. आज दुकानात 'जेस्सो' म्हणून मिळणाऱ्या ॲक्रिलिक डब्यात बहुतेकदा जिप्सम नसतेच, कॅल्शियम कार्बोनेट असते. शंका आली तर कोरड्या भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा: कार्बोनेट फसफसते, जिप्सम शांत राहते.

भाषांतर करताना आधी मजकूर कोणाचा ते पाहावे. भूवैज्ञानिक नकाशावरचा 'जेस्सो' म्हणजे जिप्समचा थर, इस्पितळाच्या कागदावरचा म्हणजे प्लास्टर. स्पेनच्या इस्पितळात मात्र 'येसो'पेक्षा 'एस्कायोला' जास्त ऐकू येतो, आणि तो शब्द इटालियन 'स्काल्योला'वरून, म्हणजे 'छोटी खपली' या अर्थावरून आलेला.