स्मॉल क्लेम्सचा निकाल विरोधात गेला: अपील करायचं की निकाल रद्द करून मागायचा?

कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमेचे दावे वकिलाशिवाय चालवणाऱ्या कोर्टात, हरलेली माणसं दोन फॉर्ममध्ये हमखास गोंधळतात. एससी-१४० म्हणजे अपील, फी ७५ डॉलर. एससी-१३५ म्हणजे निकाल रद्द करण्याचा अर्ज, फी २० डॉलर. मुदत दोन्हीकडे ३० दिवस, म्हणून स्वस्तातला फॉर्म भरून बघू असा विचार होतो. तो चालत नाही, कारण सगळं एकाच गोष्टीवर ठरतं: सुनावणीला तुम्ही हजर होतात का?

हजर राहून हरलेल्या प्रतिवादीने अपील करायचं. गैरहजर प्रतिवादीला मूळ निकालावर अपीलच नाही. त्याने एससी-१३५ भरून न येण्याचं सबळ कारण द्यायचं. तो अर्ज फेटाळला गेला, तर तेवढ्या फेटाळण्यावर १० दिवसांत अपील करता येतं. दाव्याचे कागद नीट बजावलेच गेले नसतील, तर मुदत १८० दिवसांची, आणि ती निकाल कळल्यापासून किंवा कळायला हवा होता तेव्हापासून मोजतात.

वादीचं मात्र कठीण आहे. घरमालकाने डिपॉझिट अडवलं म्हणून तुम्ही दावा लावलात, हजर राहिलात आणि हरलात, तर विषय संपला. स्वतःच्या दाव्यावर वादीला अपील नाही. समोरच्याने उलट दावा लावून तो जिंकला असेल, तर तेवढ्यापुरतं आहे.

३० दिवस मोजायचे ते क्लार्कने निकालाची नोटीस हातात दिली किंवा पोस्टात टाकली तिथपासून. पाकीट तुम्ही कधी उघडलंत याला किंमत नाही. निकालातली चूक दुरुस्त करून घ्यायला एससी-१०८ भरला म्हणून अपिलाची मुदत वाढत नाही. बरेच जण इथेच फसतात.

अपील म्हणजे आधीच्या निकालातल्या चुका काढणं नव्हे. दुसऱ्या न्यायाधीशासमोर सगळी सुनावणी नव्याने होते आणि या वेळी वकील चालतो. पावत्या, फोटो, साक्षीदार, सगळं पुन्हा आणायचं. ‘पहिल्या न्यायाधीशांनीच कबूल केलं होतं, त्यांना बोलवा’ हा आग्रह धरण्यात अर्थ नाही. राज्याच्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम ७०३.५ आडवं येतं: कामकाज चालवणाऱ्याला तिथलं बोलणं, वागणं किंवा निर्णय याबद्दल नंतरच्या दिवाणी कामात साक्ष देता येत नाही. कोर्टाचा अवमान, गुन्हा असे मोजके अपवाद आहेत. स्मॉल क्लेम्समध्ये पुष्कळदा तात्पुरता न्यायाधीश म्हणून वकील बसतो. कलमाची भाषा त्यालाही लागू पडते.

अपिलात लागलेल्या निकालावर पुढे अपील नाही.

एससी-१३५ च्या सुनावणीला जाताना मूळ दाव्याचे पुरावेही बरोबर ठेवा. अर्ज मंजूर झाला आणि दोन्ही पक्ष हजर व तयार असले, तर न्यायाधीश त्याच दिवशी दावा चालवायला घेऊ शकतात.