क्ष-किरण अनुस्फुरण

पदार्थावर क्ष-किरण पाडले असता त्यातून जे दुय्यम क्ष-किरण बाहेर पडतात, त्यांवरून पदार्थातील मूलद्रव्ये व त्यांचे प्रमाण ओळखण्याची पद्धत. प्रयोगशाळेत आणि सराफ बाजारात ती ‘एक्सआरएफ’ (एक्स-रे फ्लुओरेसन्स) याच नावाने चालते. नमुना कापावा किंवा विरघळवावा लागत नाही, म्हणून दागिने, नाणी, चित्रे, हस्तलिखिते अशा वस्तूंसाठी तिला विशेष मान आहे.

क्ष-किरण अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन उडवून लावतो. त्या रिकाम्या जागी बाहेरच्या कवचातला इलेक्ट्रॉन उतरतो आणि दोन कवचांच्या ऊर्जेतील फरक अनेकदा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. हा फरक मूलद्रव्यागणिक ठरलेला असतो: लोखंडाचा मुख्य किरण 6.4, तर तांब्याचा 8.05 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे किरणाच्या ऊर्जेचे एकक). या ऊर्जांचा अणुक्रमांकाशी असलेला नेमका संबंध हेन्री मोझली यांनी 1913 मध्ये दाखवला. पुढे 1923 मध्ये कोपनहेगनला कोस्टर व हेवेसी यांनी क्ष-किरण वर्णपटावरूनच हाफ्नियम हे मूलद्रव्य शोधले.

यंत्र आकडा देते, पण तो वाचायला जाणकार लागतो. आर्सेनिक आणि शिसे यांचे प्रमुख किरण 10.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जवळजवळ एकावर एक पडतात. त्यांची फारकत करायला शिशाचा 12.6 चा दुसरा किरण पाहावा लागतो. शिवाय मूलद्रव्य कळते, संयुग कळत नाही. लोखंड आहे एवढेच समजते, ते गंजाचे की पोलादाचे हे नाही.

बारीक किरणशलाका पृष्ठभागावर बिंदूबिंदूने फिरवली की प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतंत्र नकाशा तयार होतो. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे व्हॅन गॉख यांनी 1887 मध्ये पॅरिसला रंगवलेले गवताचे चित्र. त्याखाली एक चेहरा आहे एवढे साध्या क्ष-किरण छायाचित्रात दिसत होते, पण तो अस्पष्ट होता. 2008 मध्ये योरिस डिक, कून यानसेन्स व सहकाऱ्यांनी हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर) तो भाग तपासला. पारा (लाल हिंगूळ या रंगद्रव्यातला) आणि अँटिमनी (नेपल्स पिवळा या रंगद्रव्यातले) यांचे नकाशे एकत्र करताच शेतकरी स्त्रीचा चेहरा ओठ-गालांच्या छटांसह उघडा पडला. अँटिमनीचे सुमारे 26 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण वरचा रंगथर सहज भेदून येतात, हे या यशाचे खरे कारण. त्याचेच 3.6 चे किरण वापरले असते, तर ते वरच्या थरात अडकले असते आणि कॅल्शियमच्या किरणांत मिसळलेही असते.

सोडियमसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे किरण हवेतच शोषले जातात. त्यासाठी निर्वात पोकळी किंवा हेलियम लागतो. चंद्रावर ही अडचण नाही. चांद्रयान-2 वरील ‘क्लास’ हे उपकरण तर किरणस्रोतही सोबत नेत नाही. सूर्याच्या क्ष-किरणांनी चंद्रभूमीत जे अनुस्फुरण होते तेच ते कक्षेतून मोजते.

सराफाकडचा ‘कॅरेटमीटर’ म्हणजे हेच यंत्र. मात्र सोन्याचे किरण सोन्यातूनच फार तर काही मायक्रॉन खोलीवरून बाहेर येऊ शकतात. जाड मुलामा असला की आतला धातू यंत्राला दिसतच नाही. म्हणूनच हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ चाचणीबरोबर निवडक दागिन्यांचे थोडे सोने काढून घेऊन, ते शिशासह भट्टीत घालून, पारंपरिक पद्धतीने शुद्धता तपासली जाते.