पुढे जागा आहे का, मगच सोडा!

तीन हात नाक्याला पुलाखाली सिग्नल हिरवा होतो आणि कोणीच हलत नाही, हे दृश्य ठाणेकरांना काय नवीन सांगायचं. मागचा हॉर्न बडवतो, त्याला वाटतं पुढचा मोबाईल बघतोय, पण पुढचा बिचारा जाणार कुठे, पुढच्या नितीन कंपनी चौकाची रांग मागे सरकत सरकत इथपर्यंत आलेली असते आणि नितीन कंपनीवाले त्यापुढच्या कॅडबरी चौकाच्या नावाने बोटं मोडत असतात.

आता समजा या सगळ्या गाड्या ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या असत्या तर? बहुतेकांना वाटतं की मग प्रश्नच मिटला. मलाही तसंच वाटायचं.

२००४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या कर्ट ड्रेसनर आणि पीटर स्टोन यांनी एक भन्नाट आयडिया मांडली: सिग्नलच काढून टाका. चौकात एक कंप्युटर बसवा आणि येणाऱ्या गाडीने त्याला लांबूनच कळवायचं की मी अमुक वेळेला, अमुक स्पीडने, या लेनमधून येतेय आणि उजवीकडे वळणारेय. कंप्युटरने चौकाचे फरशीसारखे बारीक चौकोन पाडलेले असतात, ती गाडी कुठल्या क्षणी कुठल्या चौकोनावर असेल ते तो आधीच हिशोबात चालवून बघतो, त्या वेळी तिथे दुसऱ्या कुणाचं बुकिंग नसेल तर हो म्हणतो, नाहीतर नाही. नाही म्हटलं की गाडी जरा हळू होते आणि परत विचारते. रेल्वेच्या रिझर्व्हेशनसारखंच, फक्त वेटिंग लिस्ट नाही आणि सीट सेकंदाच्या काही भागापुरती. हो आल्याशिवाय चौकात पाऊल टाकायचं नाही हा नियम पक्का, त्यामुळे मेसेज मध्येच हरवला तरी गाडी फक्त थांबते, आदळत नाही.

फायदा उघड आहे. प्रत्येक वेळी दिवा हिरवा झाला की पहिल्या काही गाड्या उठेपर्यंत दोनेक सेकंद जातात, मग पिवळा, मग चौक रिकामा व्हायची वाट, हे सगळं चार बाजूंनी मोजलं तर दर फेरीला पंधराएक सेकंद चौक नुसता बसून असतो. ५० किमीच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे ३० मीटरचा चौक दोन सेकंदांत पार! बुकिंगवाल्या चौकात गाड्या एकमेकींच्या फटीतून सुळ्ळकन निघतात. कंप्युटरवरचं त्याचं सिम्युलेशन बघताना पोटात गोळा येतो, खरंच.

पण हे झालं एका चौकाचं. चौक एकटा कधीच नसतो नं! तीन हात नाका कितीही स्मार्ट केला आणि तिथून धडाधड गाड्या सोडल्या तरी त्या जाऊन पडणार नितीन कंपनीच्याच रांगेत, उलट जाम लवकर होईल. आणि पहिला येईल त्याला पहिलं बुकिंग हा नियम ऐकायला न्यायाचा वाटतो, पण गल्लीतून एकेक करून येणाऱ्या गाड्या मोठ्या रस्त्याचा भरलेला प्रवाह सारखा तोडत राहतात. ऑस्टिनच्याच मायकल लेव्हिन, स्टीफन बॉइल्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की काही ठिकाणी असं बुकिंग साध्या सिग्नलपेक्षाही वाईट ठरतं. म्हणजे आपला तो मठ्ठ लाल-हिरवा दिवा मोठ्या रस्त्याला जास्त वेळ देऊन शहाणपणा करत होता म्हणायचा.

मग चौकांनी एकमेकांशी बोलायचं कसं? मला सगळ्यात आवडलेलं उत्तर मुळात गाड्यांसाठी नव्हतंच. १९९२ मध्ये टॅसिउलस आणि एफ्रेमिडीस यांनी ते रेडिओ नेटवर्कमधल्या डेटासाठी काढलं, आणि २०१३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या प्रवीण वरैया यांनी ते रस्त्यावर आणून मांडलं. हिशोब एकदम घरगुती: मागच्या रांगेतून पुढची रांग वजा करा आणि जिथे हा फरक, म्हणजेच दाब, जास्त तिथल्या गाड्या सोडा. मागे ४० गाड्या आहेत पण पुढेही ३८, तर दाब फक्त २. बाजूच्या रस्त्यावर १५ च आहेत पण पुढे मोकळं, तर दाब १५, त्यांना जाऊ द्या. याला अख्ख्या शहराचा एक मोठा मेंदू लागत नाही, प्रत्येक चौकाने फक्त शेजारच्या रस्त्यांवर लक्ष ठेवायचं. मूळ गणितात एक मेख आहे, रस्त्यावर कितीही लांब रांग मावते असं त्यात धरलंय, ठाण्यात ते चालायचं नाही. म्हणून पुढचा रस्ता भरला की बुकिंग सरळ बंद, अशी भर त्यात घालावी लागते.

सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या गाड्या ड्रायव्हरशिवाय फिरतात, पण त्या तिथल्या साध्या सिग्नललाच थांबतात. कारण बुकिंगची खरी मजा जवळजवळ सगळ्याच गाड्या तशा असतील तेव्हाच येते, मध्ये एक जरी रिक्षा घुसली तरी तिच्यासाठी भरपूर जागा राखून ठेवावी लागते, कारण ती डावीकडचा इंडिकेटर देऊन कुठे वळेल हे तिलाही माहीत नसतं.

आणि कॅडबरीला भाजीची पिशवी घेऊन हात दाखवत रस्ता क्रॉस करणारी आजी? ती कुठून बुकिंग करणार. तिच्यासाठी बटण लावा, बटण दाबलं की सगळ्या गाड्या थांबवा, ती पलीकडे पोचेपर्यंत कोणालाच हो म्हणू नका. म्हणजे फिरून लाल दिवा आलाच की.