अंगठ्याखालचा खटका

धावायचं, उडी मारायची, एवढाच एखादा साधा गेम आधी फोनच्या काचेवर खेळून बघा आणि मग कंट्रोलरवर, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायच्या बटणांच्या यंत्रावर. चित्र तेच, आवाज तोच, नियमही तेच. पण काचेवर पाच मिनिटांत एक गोष्ट हमखास घडते. तुम्ही उडी मारायला जाता आणि पडद्यावरचा गडी सरळ खड्ड्यात जातो. अंगठा बटणाच्या चित्रावरून कधी घसरला, हे तुम्हाला कळलेलंच नसतं. कळणार तरी कसं? काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बटण शोधायला नजर खाली न्यावी, तोवर वर दुसरंच काहीतरी होऊन बसतं.

एखादा कंट्रोलर हातात का आवडतो, याचं उत्तर मला या खड्ड्यात सापडतं. चांगला कंट्रोलर बोटाला जबाब देतो, आणि तोही डोळ्यांच्या आधी.

मध्यंतरी एक जुना कंट्रोलर उघडून बघितला. पाठीमागचे स्क्रू काढून झाकण उचललं आणि पहिला विचार आला, एवढंच? एक सर्किट बोर्ड. त्यावर बटणांच्या जागी दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत, पण टेकू देऊ नयेत, अशा नक्षीचे पट्टे. वर सिलिकॉन रबराचा पातळ तुकडा आणि त्यात उपड्या वाटीसारखे इवलेसे घुमट. प्रत्येक घुमटाच्या पोटात कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की घुमट बसतो, टिकली दोन्ही कंगव्यांना टेकते, वीज वाहते. काम झालं.

खरी गंमत त्या घुमटाच्या भिंतीत आहे. दाबायला लागलं की आधी ती विरोध करते. जोर वाढवावा लागतो. मग एका क्षणी भिंत एकदम वाकते आणि विरोध कोसळतो. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीचा फुगीर भाग दाबला की तो ‘टक्’ करून आत बसतो ना, तेच हे. समजा, भिंत वाकायच्या आधी १०० ग्रॅमचा जोर लागत होता आणि टिकली टेकताना ५० ग्रॅमच लागला, तर जोरात ५० टक्के घट झाली. बटण बनवणारे हा आकडा फार जपून ठरवतात. घट जास्त ठेवली तर खटका खणखणीत लागतो, पण रबर लवकर थकतं. कमी ठेवली तर बोट चिखलात रुतल्यासारखं वाटतं. बटण ‘चांगलं’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा या कोसळण्याचीच तारीफ करत असतो.

वेळेचा हिशोबही बघण्यासारखा आहे. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत अशी तीन-चार चित्रं सहज निघून जातात. खटका मात्र बोटाला तिथल्या तिथे कळतो. पडद्यावरची उडी म्हणजे नंतर आलेली पावती.

दिशांचं बटण, म्हणजे डी-पॅड, मला याच कारणासाठी थोर वाटतं. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२च्या ‘डाँकी काँग’ या खिशात मावणाऱ्या गेमसाठी बनवलं. ते यंत्र पुस्तकासारखं मिटायचं, त्यामुळे वर आलेली दांडी चालणार नव्हती. योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखा चपटा क्रॉस दिला. त्याच्या मधोमध खाली टेकू असल्यामुळे डावी बाजू दाबली की उजवी आपोआप वर उचलली जाते. अंगठा उचलावा लागत नाही, नुसता कलला तरी पुरतं. शिवाय क्रॉसच्या कडा अंगठ्याला सतत सांगत राहतात की तू कुठे आहेस. सोनीच्या कंट्रोलरवर वरून चार सुटी बटणं दिसतात, पण आतून तीही एकमेकांना जोडलेलीच असतात.

हाताला न बघता जागा कळावी, यासाठी काय काय केलंय लोकांनी! सुपर निन्टेन्डो या गेमयंत्राच्या अमेरिकेतल्या कंट्रोलरवर चारपैकी दोन बटणं फुगीर आणि दोन खोलगट होती. माझा सगळ्यात लाडका मात्र निन्टेन्डोच्याच २००१च्या गेमक्यूब यंत्राचा कंट्रोलर. मधोमध ‘ए’चं मोठं हिरवं बटण, शेजारी ‘बी’चं छोटं लाल, आणि ‘ए’च्या भोवती घेवड्याच्या बीसारखी वाकलेली दोन. अंगठा कायम ‘ए’वर विसावतो आणि बाकीची बटणं तिथून नुसती कुशीवर वळल्यासारखी मिळतात. स्टिकच्या, म्हणजे अंगठ्याने कलवायच्या छोट्या दांडीच्या, भोवतीची चौकट अष्टकोनी, त्यामुळे आठही दिशा खाचेत बसतात. दिसायला हा कंट्रोलर कोणाला विदूषकासारखा वाटेल. पण ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ खेळणाऱ्यांनी त्याला इतकं धरून ठेवलं की २०१४मध्ये निन्टेन्डोने तो नव्या यंत्राला जोडण्यासाठी खास ॲडाप्टर विकायला काढला.

ॲनालॉग स्टिकचं विज्ञान जरा वेगळं. माउस जेवढा सरकवाल तेवढा बाण सरकतो. बऱ्याच गेममध्ये स्टिक मात्र वेग सांगते: थोडी कलवली की नजर हळू फिरते, पूर्ण कलवली की गरकन. अंगठ्याच्या टोकाशी एवढ्याशा जागेत हे फरक कळणार कसे? इथे स्प्रिंग कामी येते. जितकं लांब न्याल तितकी ती जास्त ओढते आणि सोडलं की मध्यावर परतते. किती कलली, हे स्नायूंना आणि कंडरांना त्या ओढीवरून कळतं. अंगठ्याच्या बुडाशी खोगिराच्या आकाराचा सांधा असतो, म्हणून तो पुढे-मागे, आडवा, गोल, सगळीकडे फिरतो. स्टिक बनवणाऱ्यांना हे आयतंच मिळालं.

पण या स्टिकचं एक दुखणं आहे. बहुतेक स्टिकमध्ये कार्बनच्या थरावर धातूची छोटी जीभ घासत फिरते आणि ती कुठे आहे त्यावरून विद्युतदाब बदलतो. हजारो वेळा घासून थर झिजतो, भुकटी पडते, आणि मग हात लावला नसतानाही यंत्राला वाटतं की स्टिक कलली आहे. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. माझ्या एका कंट्रोलरवर गडी आपणहून डावीकडे चालायला लागला. आठवडाभर मी गेमलाच शिव्या घालत होतो. स्टिकच्या मध्याभोवतीची थोडी हालचाल धरायचीच नाही, असा ‘डेड झोन’ वाढवून काही काळ भागवता येतं. पण तेवढा बारकावाही हातचा जातो.

यावरचा उपाय नवा नाही. विजेचा प्रवाह वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला की तिच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल यांना १८७९मध्ये दिसलं होतं. स्टिकच्या बुडाला चुंबक लावून हा दाब मोजला की घासणारं काही उरतच नाही, मग झिजणार काय? सेगा कंपनीच्या १९९८च्या ड्रीमकास्ट या गेमयंत्राच्या कंट्रोलरमध्ये अशी स्टिक होती. एवढी जुनी युक्ती अजून सगळीकडे नाही, याचा मला राग येतो.

आता थरथर. निन्टेन्डोने १९९७मध्ये ‘रंबल पॅक’ नावाची, कंट्रोलरला लावायची वेगळी डबी काढली. तिच्यात दोन बारक्या बॅटऱ्या घालाव्या लागत. सोनीच्या ड्युअलशॉक या कंट्रोलरने त्याच वर्षी कंट्रोलरच्या पोटातच दोन मोटर बसवल्या, एकीवर मोठं वजन, दुसरीवर छोटं. वजन आसापासून एका बाजूला असतं, म्हणून मोटर फिरली की सगळं हादरतं. यात अडचण अशी की जोर वाढवायचा तर वेगच वाढवावा लागतो. हळुवार पण जलद थरथर हवी असेल तर मिळत नाही. शिवाय मोटरला वेग पकडायला आणि थांबायला वेळ लागतो.

आपल्या त्वचेखाली मात्र बारीक थरथर ओळखायला पॅसिनी नावाचे संवेदनाग्राहक आहेत. सेकंदाला सुमारे २५० कंपनं असली की ते सर्वांत तल्लख असतात. तेव्हा हालचाल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी असली तरी चालते. सोनीच्या २०२०च्या ड्युअलसेन्स या कंट्रोलरमध्ये फिरत्या वजनाऐवजी स्पीकरसारखी तारेची गुंडाळी आहे. ती मागेपुढे हलते, त्यामुळे जोर आणि कंपनांची गती दोन्ही वेगवेगळी ठरवता येतात. वाळूवर चालणं आणि काचेवर चालणं तळहाताला खरोखर निराळं लागतं.

त्याच कंट्रोलरच्या ट्रिगरमागे, म्हणजे तर्जनीने ओढायच्या बटणामागे, एक छोटी मोटर दातेरी चाकांच्या मदतीने तरफ ढकलते. धनुष्य ताणताना ट्रिगर जड होत जातो, बाण सुटला की क्षणात सैल. रबराच्या घुमटाने जे एकदाच ठरवून दिलं होतं, ते आता गेम पावलोपावली बदलू शकतो. पहिल्या दिवशी मी नुसतं तेच धनुष्य ताणत बसलो होतो. हल्ली तासाभराने तर्जनी ठणकायला लागते, मग सेटिंगमध्ये जाऊन विरोध ‘कमी’वर आणतो.