सर्व्हरचं रेड कार्ड घरच्या पीसीत, अडचण दोन पिनांची

जुन्या सर्व्हरमधून काढलेलं रेड कंट्रोलर कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून एकाच मोठ्या डिस्कसारख्या चालवणारं कार्ड, हातात आलं की वाटतं, पीसीआय एक्स्प्रेसचंच (मदरबोर्डवरच्या नेहमीच्या स्लॉटचं) तर कार्ड आहे, स्लॉटमधे बसवायचं, डिस्क जोडायच्या, झालं काम. मीही तसंच केलं. बटण दाबलं, पंखे फिरायला लागले पण स्क्रीन काळी ती काळीच, बायोसचा (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) लोगोसुद्धा दिसेना. कार्ड काढलं की पीसी व्यवस्थित चालू, परत बसवलं की परत तेच. कार्ड गेलंय असं कुणालाही वाटेल, पण कार्ड ठणठणीत होतं.

झालं असं होतं की पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधे डेटाच्या वेगवान लेनसोबत एसएमबस नावाच्या दोन साध्या लाइनीपण असतात, एक क्लॉकची आणि एक डेटाची. सर्व्हरमधे मदरबोर्ड याच लाइनींवरून कार्डाची विचारपूस करतो, कार्ड कुठलं, तब्येत कशी वगैरे. डेस्कटॉपमधे मात्र बायोस सुरुवातीलाच एसएमबसवरून रॅमच्या स्टिकवरची एक बारीकशी चिप वाचतो, ही रॅम किती जीबीची, कुठल्या स्पीडची ते कळायला. या बसवर प्रत्येक चिपला स्वतःचा पत्ता असतो, आणि कार्डावरची एखादी चिप त्याच पत्त्यावर बोलायला लागली किंवा लाइन अडवून बसली तर बायोसला रॅमच सापडत नाही, आणि रॅमच नाही म्हटल्यावर स्क्रीनवर काही येणार कुठून!

उपाय इतका साधा आहे की मला पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. कार्डाच्या ज्या बाजूला चिपा आहेत त्या बाजूने, मागच्या पत्र्याकडून मोजत गेलं की पाचवी आणि सहावी सोनेरी पट्टी, म्हणजे बी ५ आणि बी ६, या दोन पट्ट्यांवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या, वीज अडवणाऱ्या पातळ टेपचा) बारीक तुकडा चिकटवायचा. स्टँडर्डमधे कार्डासाठी या दोन पिना ऐच्छिकच आहेत त्यामुळे झाकल्या तरी डेटाला काही फरक पडत नाही. मोजताना घाई मात्र करू नका, पहिल्या तीन पिना १२ व्होल्टच्या आहेत, टेप सरकून तिकडे गेली तर कार्डाला पॉवर नीट मिळणार नाही. टेप लावली आणि लोगो आला, तो आनंद मी अजून विसरलेलो नाही.

स्लॉटचं फार टेन्शन नको. कार्ड बहुतेक वेळा ८ लेनचं असतं, ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटमधे बसतं, आणि तो आतून ४ लेनचाच निघाला तरी पीसीआय एक्स्प्रेस २.० वर एका लेनला ५०० एमबी प्रतिसेकंद धरले तर २ जीबी होतात, घरातल्या चार-सहा फिरत्या डिस्कना ते पुष्कळ झाले.

उष्णतेकडे मात्र नक्की बघा, कारण इथेच चांगली कार्डं मरतात. सर्व्हरमधे पुढून मागे सतत जोराचा वारा वाहत असतो म्हणून या कार्डांवर पंखा देतच नाहीत, नुसता हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा. अशा बऱ्याच कार्डांना मिनिटाला किमान २०० फूट वेगाची हवा लागते, म्हणजे सेकंदाला साधारण १ मीटर. ऐकायला कमी वाटतं, पण डेस्कटॉपच्या केबिनेटमधे खालच्या स्लॉटच्या कोपऱ्यात हवा जवळजवळ थांबलेलीच असते, आणि मग हीटसिंकला बोट लावलं की चटका बसतो. ४० मिमीचा छोटा पंखा झिप टायने हीटसिंकवर बांधला की काम होतं.

केबलमधे एक फसगत होते. कार्डावरच्या एका मिनी सॅस पोर्टमधून (सर्व्हरच्या डिस्कसाठीच्या जोडणीतून) चार साटा, म्हणजे पीसीतल्या नेहमीच्या जोडणीच्या, डिस्क निघतात, पण दिसायला अगदी सारखी अशी उलटी केबलपण मिळते, जी मदरबोर्डच्या चार साटा पोर्टांकडून मिनी सॅसकडे जाण्यासाठी असते. ती लावली तर एकही डिस्क दिसत नाही. कंट्रोलरवरून डिस्ककडे जाणारी फॉरवर्ड ब्रेकआउटच हवी.

आता कार्डावरच्या बॅटरीचं. रेड ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली, आणि RAID या नावातल्या आय या अक्षराचा मूळ अर्थ होता स्वस्त, म्हणजे पीसीतल्या छोट्या डिस्क एकत्र करून मोठ्या महागड्या डिस्कला टक्कर द्यायची. रेड ५ या प्रकारात डेटासोबत पॅरिटी, म्हणजे डेटावरूनच काढलेला ताळ्याचा अंक, ठेवतात. दोन डिस्कवर १ आणि ० असेल तर पॅरिटी १, यातलं कुठलंही एक गेलं तरी उरलेल्या दोघांवरून ते परत काढता येतं. पण छोटासा तुकडा बदलायचा तरी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नवीन लिहा, अशी चार कामं पडतात. कार्डावरची कॅश मेमरी (डेटा तात्पुरता ठेवणारी वेगवान मेमरी) ही कामं पोटात घेऊन लगेच "लिहिलं" म्हणून सांगते, आणि मधेच लाइट गेली तर बॅटरी तो डेटा धरून ठेवते. जुन्या कार्डातली बॅटरी बहुधा संपलेलीच असते, मग कार्ड आपणहून ही सोय बंद करतं आणि लिहिण्याचा स्पीड एकदम पडतो. बॅटरी नसताना ती सोय जबरदस्तीने चालू करायचा पर्याय मेनूत असतो, कृपा करून तो निवडू नका, बॅटरीच बदला.

शेवटची गोष्ट डिस्कची. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) भेटला की तो वाचायचा मिनिटभरसुद्धा प्रयत्न करत बसते कारण तिच्या मते डेटाची दुसरी कॉपी कुठेच नाही. रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत सोडून देतात आणि बाकीचं काम कंट्रोलर पॅरिटीवरून करतो. या कार्डाला त्याच डिस्कची सवय आहे, गप्प बसलेली डिस्क त्याला मेलेलीच वाटते आणि ते चांगल्या डिस्कला ॲरेतून (डिस्कच्या गटातून) बाहेर काढतं. म्हणून डिस्क घेताना तिच्यात एरर रिकव्हरीची वेळमर्यादा आहे का ते आधी बघा, साइज नंतर.