कार्ड, टायपिंग, अपलोड: ठाण्या-वाशीत ‘कॉम्प्युटर येतो’ म्हणजे काय?

लिपिक-टंकलेखक पदाच्या जाहिरातीत ‘मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट’ ही अट आजही छापून येते. ती टाइपरायटरच्या जमान्यातली. यंत्र गेलं, आकडा राहिला.

टायपिंगच्या क्लासआधी रांग असे सेवायोजन कार्यालयाची. नोकरी शोधणाऱ्याने तिथे नाव नोंदवायचं आणि नोंदणीचं कार्ड घ्यायचं. १९५९ च्या कायद्याने खासगी क्षेत्रातल्या २५ किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं. माणूस तिथूनच घ्या, असं मात्र कायदा म्हणत नव्हता. म्हणजे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्याने जागा कळवायची आणि भरती आपल्या ओळखीने करायची, यात बेकायदा काही नव्हतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी भरतीची जाहिरात वर्तमानपत्रांतही द्यावी आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार व्हावा. कार्डाचं वजन आणखी घटलं. पुढच्याच वर्षी नोकरी डॉट कॉम सुरू झालं. कार्डाची ती नोंदणी आता राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर होते.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी ही प्राथमिक संगणक परीक्षा घरोघरी पोचली. सरकारी नोकरीसाठी तिचं प्रमाणपत्र लागू लागल्यावर टायपिंगच्या क्लासवाल्यांनीही कॉम्प्युटर मांडले. टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा थांबली आणि तिची जागा संगणक टंकलेखनाने घेतली. तिच्यात वेगाच्या उताऱ्याबरोबर पत्र, तक्ता आणि ईमेलही आले.

या बदलात मराठी टाइप करणाऱ्याचे हाल झाले, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहेत. शिवाजी, कृतिदेव यांसारखे जुने फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरी आकार बसवत. ज्या मशीनवर तो फॉण्ट नाही तिथे अख्खा अर्ज एबीसीडीचा कचरा दिसे. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा कोड देणाऱ्या युनिकोडने हे मिटवलं, पण बोटांची सवय मिटवली नाही. टाइपरायटरवर ‘कि’ काढताना आधी पहिली वेलांटी दाबायची, मग क. युनिकोडमध्ये साठवण उलटी: आधी क, मग वेलांटी. इनस्क्रिप्ट कीबोर्ड हाच क्रम पाळतो. रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेला उमेदवार इनस्क्रिप्टवर बसला, तर एक तर त्याला अक्षरांची बटणं सापडत नाहीत, आणि सापडल्या तरी वेलांटी मागच्या अक्षराला चिकटते किंवा टिंबांच्या वर्तुळावर लटकते. म्हणून चाचणीच्या आधी स्क्रीनवर कोणता लेआउट आहे ते बघायचं, वेग नंतर.

खाडीपलीकडची गोष्ट वेगळी. ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये धावू लागली आणि कळव्या-ठाण्याच्या पोरांना ऐरोली, घणसोली, महापे आवाक्यात आलं. तिथल्या कंपन्यांत एमएस-सीआयटी सहसा कुणी विचारत नाही. एक्सेलमध्ये व्हीलुकअप (तक्त्यातून हवी ती नोंद शोधून आणणारं सूत्र) येतं का, ग्राहकाला चार ओळींचं इंग्रजी उत्तर लिहिता येतं का, हे बघतात. त्याच्याही आधी रेझ्युमे सॉफ्टवेअर वाचतं. प्रिंट काढून स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र; बऱ्याचदा त्यातून एक शब्दही उचलला जात नाही. दोन रकान्यांच्या देखण्या साच्यात कधी डावीकडची तारीख उजवीकडच्या पदाला जोडली जाते. एकाच रकान्यात, वर्डमधून थेट सेव्ह केलेली पीडीएफ दिसायला साधी असली तरी चालते.

फॉर्मची खरी सवय मात्र लागली ती अकरावीने. मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. भाग एकमध्ये माहिती, भाग दोनमध्ये पसंतीक्रम. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. दरवर्षी काही घरांत हे फेरी लागल्यावर कळतं.

नोकरीच्या अर्जात अडतं ते त्याहून क्षुल्लक जागी. बँक भरतीत साधारणपणे फोटो २० ते ५० केबी, २०० बाय २३० पिक्सेल; सही १० ते २० केबी, १४० बाय ६० पिक्सेल. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा. तो नुसता दाबत गेलं की केबी बसतात, पण चेहरा पुसट होतो. आधी कापायचा, मग पिक्सेल कमी करायचे आणि शेवटी क्वालिटी. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, दिवसाच्या उजेडात, मोबाइलची सावली न पाडता. कॅपिटल अक्षरांतली सही बाद. हे कुठल्याच प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात कुणी मन लावून शिकवलं नाही, आणि म्हणूनच स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्यांचा धंदा चालतो.

त्या दुकानांतली अडचण नंतर उघडी पडते. दुकानदार घाईत स्वतःचाच ईमेल किंवा मोबाइल नंबर टाकतो. अर्ज जातो, पावती मिळते. महिन्या-दोन महिन्यांनी प्रवेशपत्र निघतं तेव्हा ओटीपी जातो त्याच्या नंबरवर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दुकान बंद असतं.