बसण्याआधीची गोळी

"आज बसायचंय, आधी एक गोळी टाकून घेतो." हे वाक्य कधीच न ऐकलेला मित्रांचा कट्टा विरळा. गोळी अ‍ॅसिडिटीची, बहुधा पँटोप्राझोल. हिशेब असा: दारूने जळजळ होते, जळजळ म्हणजे अ‍ॅसिड, तेव्हा अ‍ॅसिडच बंद केलं की पोट वाचलं. चूक पहिल्याच पायरीला आहे.

अ‍ॅसिड जठरात एरवीही असतं आणि चांगलं जहाल असतं. रिकाम्या पोटी सामू (pH; जितका कमी, तितकं आम्ल जहाल, आणि सात म्हणजे उदासीन) एक-दोनच्या घरात. तरी जठर स्वतःला पचवत नाही. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि खालच्या पेशी त्यात बायकार्बोनेट सोडत राहतात, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यातलाच आम्लमारक घटक. मिलिमीटरभरही नसलेल्या या जाडीत वरून आम्ल आणि पेशींना टेकलेल्या बाजूला सामू जवळपास सात. कडक दारू हा थर भेदते, पेशी मारते आणि त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडवते. रक्त तुंबतं, अस्तरावर लालभडक पट्टे उमटतात. त्यासाठी तिला आम्लाची वाट बघावी लागत नाही.

हे स्वच्छ दाखवलं आंद्रे रॉबर्ट यांनी, १९७९ मध्ये. अमेरिकेतल्या अपजॉन या औषध कंपनीत ते संशोधन करत. उपाशी उंदरांना त्यांनी शुद्ध अल्कोहोल पाजलं, दुसऱ्यांना तीव्र आम्ल, काहींना चक्क उकळतं पाणी. (प्रयोग क्रूर होता, यात शंका नाही.) अस्तर जळालं. पण आधी प्रोस्टाग्लँडिन नावाचं, शरीर स्वतःही बनवतं असं द्रव्य दिलेल्या उंदरांचं अस्तर वाचलं. गंमत म्हणजे ते इतक्या कमी मात्रेतही पुरलं की आम्ल घटलंच नाही. उलट आम्ल कमी करणारं सिमेटिडीन दिलं, तर संरक्षण शून्य!

प्रोस्टाग्लँडिन श्लेष्मा वाढवतं, बायकार्बोनेट वाढवतं, अस्तराचा रक्तपुरवठा टिकवतं. मात्र १९८२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिल्यावर दिसलं की औषध देऊनही सगळ्यात वरच्या पेशी मरतातच. वाचतात त्या खोलवरच्या ग्रंथी आणि रक्तवाहिन्या. पीक जळालं, पण बियाणं आणि विहीर शाबूत राहिली, असं म्हणा. मग खळग्यांतल्या जिवंत पेशी सरकत वर येतात आणि उघडी पडलेली जागा झाकतात. नव्या पेशी जन्मायचीही वाट पाहत नाहीत. हे काम तासाभराच्या आत बरंचसं उरकतं.

या द्रव्याची कृत्रिम बहीण म्हणजे मिसोप्रोस्टॉल. ती गर्भाशयालाही आकुंचन आणते, गर्भपात घडवू शकते, त्यामुळे ही गोळी मनाने घ्यायची नाही. सुक्रालफेट वेगळ्या जातीचं: अ‍ॅल्युमिनियम आणि साखरेपासून बनवलेलं हे औषध आम्लात चिकट होतं आणि व्रणावर लेपासारखं बसतं. दोन्ही औषधं अल्सरच्या उपचारात वापरतात. 'बसण्या'साठी ती कुणी लिहून देत नाही, आणि यकृताला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. डोकं ठणकतंय, पोट रिकामं, हाताशी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन. ही औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिनवर काम करून १९७१ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे रात्री पीक जाळलं आणि सकाळी विहीर बुजवायला घेतली.

"पण मला तर कधी काही होत नाही," असं कट्ट्यावरचा मित्र म्हणेल. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला गोळी लागली आणि त्याच्या जठराला पडलेलं भोक कायमचं उघडं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून वर्षानुवर्षं आत डोकावून नोंदी केल्या. एकदा सेंट मार्टिन आठ-दहा दिवस भरपूर पीत होता. आतलं अस्तर लाल झालेलं, त्यावर चट्टे उठलेले. त्याची स्वतःची तक्रार मात्र काहीच नव्हती.